अध्यापनाचं पहिलं सत्र : नव्या प्राध्यापकासाठी कामाची आखणी

पीएचडी करताना मुख्य काम एकच असतं आणि त्यासाठी काही वर्षं हाताशी असतात. प्राध्यापक म्हणून रुजू झालं की पहिल्याच महिन्यात तास, प्रात्यक्षिकं, अंतर्गत परीक्षा, समित्या, विद्यार्थ्यांचे निरोप आणि अर्धवट राहिलेला शोधनिबंध हे सगळं एकदम अंगावर येतं. अडचण कामाच्या संख्येपेक्षा वेगळी आहे. यातलं एकही काम आपणहून संपत नाही. तासाची तयारी आणखी करता येते, उत्तरपत्रिकेवर आणखी दोन शेरे लिहिता येतात, शोधनिबंधाचा परिच्छेद पुन्हा घासता येतो. काम कुठे थांबवायचं हे तुम्हालाच ठरवावं लागतं, म्हणून खाली जागोजागी आकडे दिले आहेत. ते आपल्या विषयाप्रमाणे बदला, पण काहीतरी आकडा ठरवल्याशिवाय सत्र सुरू करू नका.

पायरी १ : वेळापत्रक आलं की आधी तास मोजा

समजा, सत्र १५ आठवड्यांचं आहे आणि तुमच्या विषयाला आठवड्याला ३ तास आहेत. कागदावर ४५ तास होतात आणि नवा शिक्षक ४५ तासांचाच आराखडा करून मोकळा होतो. प्रत्यक्षात सुट्ट्या आणि कार्यक्रमांत ४ तास जातात, अंतर्गत चाचण्या आणि त्यानंतरच्या चर्चेत ३, आणि पहिल्या आठवड्यात निम्मा वर्ग आलेलाच नसतो म्हणून २. उरले ३६. त्यातले ४ कोरे ठेवा. तुम्ही आजारी पडाल किंवा एखादा भाग वर्गाला कळलाच नाही म्हणून पुन्हा घ्यावा लागेल, त्यासाठी ते लागतात. शिकवायला हातात येतात ३२ तास.

हे ३२ तास पाच घटकांत सारखे वाटू नका. अवघड घटकाला ९, त्याच्या आगेमागे असलेल्यांना ७-७, ओळखीच्या पहिल्या घटकाला ४ आणि शेवटच्याला ५, अशी काहीशी वाटणी करा. पोर्शन मागे पडतो तो बहुधा पहिल्या घटकातच. तो व्याख्या, इतिहास, पार्श्वभूमी असा सोपा असतो, तुम्ही उत्साहात असता, विद्यार्थीही ताजे असतात. ४ तासांचं काम ८ तास चालतं आणि ते ४ तास शेवटच्या घटकातून कापले जातात. नेमक्या त्याच घटकावर परीक्षेत प्रश्न येतात आणि मग विद्यार्थी म्हणतात, हे शिकवलंच नाही. खरं असतं ते.

म्हणून दोन टप्पे वहीत लिहून ठेवा. अकराव्या तासाला दुसरा घटक संपला पाहिजे, विसाव्याला तिसरा. दोन तासांहून जास्त मागे असाल तर त्याच दिवशी ठरवा, काय गाळायचं आणि काय वाचायला द्यायचं. जादा तास हा शेवटचा उपाय समजा. ते गैरसोयीच्या वेळी लागतात, हजेरी कमी असते आणि ज्यांना ते खरोखर हवे असतात तेच बहुधा येत नाहीत.

आणखी एक काम सत्राआधीच करायचं आहे, आणि ते बहुतेक जण टाळतात. शेवटच्या परीक्षेचा कच्चा पेपर आत्ताच लिहा. सत्र संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे, अशा सहा ते आठ गोष्टी मांडा. ‘अमुक संकल्पना समजेल’ असं लिहू नका, कारण समजलं की नाही हे तपासता येत नाही. ‘दिलेल्या आकडेवारीवरून योग्य चाचणी निवडून कारण सांगता येईल’ हे तपासता येतं. त्या आठ गोष्टींना ज्याची मदत होत नाही, तो मजकूर कितीही आवडता असला तरी आराखड्यातून काढा. इथे एक खोड सांभाळा. नुकतीच पीएचडी झालेला माणूस स्वतःच्या संशोधनाचा विषय प्रथम वर्षाच्या वर्गातही कुठून तरी घुसवतोच. दहा मिनिटं चालेल. दोन तास नाही.

पायरी २ : एका तासाची तयारी

मर्यादा अशी ठेवा की पूर्ण नव्या विषयाच्या एका तासासाठी जास्तीत जास्त ३ तास तयारी आणि ओळखीच्या विषयाला दीड तास. पहिल्या सत्रात एका तासासाठी सात-आठ तास घालवणारे शिक्षक सर्रास दिसतात. त्यांचे तास त्या प्रमाणात चांगले होत नाहीत, उलट भरगच्च होतात. तयारीत भर पडते ती माहितीची, आणि वर्गाची अडचण माहिती कमी पडण्याची क्वचितच असते.

हिशेब करून पाहा. तास ५० मिनिटांचा. येणं, बसणं, हजेरी, शेवटची चुळबुळ यांत १० मिनिटं जातात. ४० मिनिटं सलग बोललात तरी मिनिटाला साधारण १२० शब्दांच्या वेगाने ४,८०० शब्द होतात, आणि त्या वेगाने कुणालाच काही टिपून घेता येत नाही. फळ्यावर लिहिणं, थांबणं, प्रश्न विचारणं धरलं तर निम्माच मजकूर मावतो. स्लाइड वापरत असाल तर एका स्लाइडला दोन ते तीन मिनिटं धरा. १५च्या वर गेलात की शेवटच्या पाच नुसत्या दाखवून पुढे ढकलाव्या लागतील. त्या पाचांतच तासाचा निष्कर्ष असतो, हे आलंच.

तयारीचा क्रम असा ठेवा. आधी तासाचा एक प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर तास संपताना वर्गाला देता आलं पाहिजे. मग दोन उदाहरणं शोधा, एक सरळ आणि एक फसवं. उदाहरणं मिळाल्यावरच व्याख्या आणि सिद्धान्त लिहा, कारण किती सिद्धान्त लागणार हे उदाहरणांवरून कळतं. उलट क्रमाने गेलात तर सगळा वेळ सिद्धान्त मांडण्यात जातो आणि उदाहरण ऐन वेळी सुचेल म्हणून राहून जातं. ऐन वेळी सुचलेल्या उदाहरणात आकडे जुळत नाहीत आणि फळ्यासमोर पाच मिनिटं खोडाखोड चालते. गणित असेल तर ते स्वतः कागदावर पूर्ण सोडवून न्या, मनातल्या मनात सोडवू नका. शेवटी ‘वेळ कमी पडला तर हे गाळायचं’ आणि ‘वेळ उरला तर हे घ्यायचं’ अशा दोन ओळी लिहा. टिपणाच्या समासात मिनिटं मांडून ठेवा : १०व्या मिनिटाला इथे, २५व्याला तिथे.

पूर्ण भाषण लिहून नेऊ नका. लिहिलेलं असलं की नजर कागदावर राहते आणि मागच्या तीन रांगा हातातून जातात. एका पानाचं टिपण पुरतं.

तास संपल्यावर स्टाफरूममध्ये चहाला जाण्याआधी त्याच टिपणावर चार ओळी लिहा : कुठे वेळ जास्त गेला, कोणता प्रश्न आला, कोणतं उदाहरण फसलं, पुढच्या वेळी काय काढायचं. याला पाच मिनिटं लागतात. संध्याकाळपर्यंत थांबलात तर निम्मं विसरलेलं असतं. दुसऱ्या वर्षी तयारीचा वेळ निम्म्यावर येतो, त्यात या चार ओळींचा वाटा मोठा आहे.

पायरी ३ : पहिल्या तासाला नियम सांगा, पण कमी

पहिल्या दिवशी नुसती ओळख करून वर्ग सोडू नका. २० मिनिटं खरा मजकूर शिकवा. हा तास वाया जात नाही, असा अंदाज वर्ग त्याच दिवशी बांधतो. उरलेल्या वेळात चार गोष्टी लेखी द्या : गुण कसे मिळणार, असाइनमेंटच्या तारखा, भेटायची वेळ, आणि उशिरा दिल्यास काय होईल.

नियम तेवढेच करा जेवढे नवव्या आठवड्यातही तुम्ही पाळून घ्याल. ‘उशीर झाला तर स्वीकारणार नाही’ असं पहिल्या दिवशी जोरात सांगून तिसऱ्या आठवड्यात एकाचं स्वीकारलं, की बाकीच्यांनाही ते कळतंच. त्यापेक्षा यांत्रिक नियम बरा. उशिराच्या प्रत्येक दिवसाला १० टक्के गुण कमी, तीन दिवसांनंतर स्वीकारणार नाही, आणि प्रत्येकाला सत्रात एकदा, कारण न सांगता, ४८ तासांची सवलत. या सवलतीचा उपयोग तुम्हालाच जास्त होतो. कुणाचा ताप खरा आणि कुणाच्या घरचं कार्य खोटं, याचा निवाडा करत बसावं लागत नाही. गंभीर आजार किंवा घरातला मृत्यू ही प्रकरणं वेगळी. ती विभागप्रमुखांच्या कानावर घालून लेखी निर्णय घ्या, म्हणजे दोन शिक्षकांचे दोन निर्णय होत नाहीत. संस्थेचा स्वतःचा नियम असेल तर अर्थातच तो आधी पाहा.

पायरी ४ : प्रश्न विचारून थांबा

‘समजलं का?’ या प्रश्नाला वर्ग नेहमी मान हलवतो. त्यातून काही कळत नाही. अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात शाळेतल्या विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण तपासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असं त्यांना आढळलं. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांब येऊ लागली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद फळ्यासमोर उभ्या माणसाला फार लांब वाटतात. मनात आकडे मोजा आणि स्वतःच उत्तर देऊन टाकण्याचा मोह आवरा.

मोठ्या वर्गात तोंडी उत्तरापेक्षा लेखी बरं. प्रत्येकाने दोन मिनिटांत वहीत एक ओळ लिहायची, शेजाऱ्याची पाहायची, मग तीन जणांनी वाचून दाखवायची. यात जाणारी सहा मिनिटं आराखड्यात आधीच धरा.

उत्तर येत नसेल तर ‘मला नक्की माहीत नाही, पुढच्या तासाला सांगतो’ असं म्हणा, आणि पुढच्या तासाची सुरुवात तिथून करा. अंदाजाने ठोकून दिलेलं उत्तर वर्गातलं कुणीतरी त्याच मिनिटाला फोनवर तपासतं.

पायरी ५ : पेपर काढणं आणि तपासणं

नव्या माणसाचा सर्वांत जास्त वेळ इथे जातो आणि तक्रारीही इथूनच येतात, म्हणून सविस्तर.

पेपर काढताना गुण आणि मिनिटं यांचं गणित करा. १०० गुणांच्या तीन तासांच्या पेपरात प्रत्येक गुणाला १.८ मिनिटं येतात, म्हणजे १० गुणांच्या प्रश्नाला १८ मिनिटं. वाचणं आणि शेवटी तपासणं यांची १५ मिनिटं वजा केली तर साडेसोळा. या वेळात तो प्रश्न लिहून होतो का? स्वतः घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवा. तुम्हाला एक तास लागला तर विद्यार्थ्याला तीन तास लागतील, असं ढोबळ मानाने धरा. तुम्हालाच दीड तास लागत असेल तर पेपर लांब आहे. त्याच बैठकीत आदर्श उत्तर आणि गुणांची फोड लिहा. फोड लिहायला घेतली की प्रश्नातली संदिग्धता उघडी पडते : ‘चर्चा करा’ म्हणजे नेमकं काय केल्यावर ७ आणि काय केल्यावर ४, हे तुम्हालाच सांगता येत नसेल तर प्रश्नच बदला. दोन उपप्रश्न एकमेकांवर अवलंबून ठेवू नका. (अ) चुकला की (ब)चेही गुण जातात आणि तपासताना रडकुंडीला यायची पाळी तुमची. एका सहकाऱ्याकडून पेपर वाचून घ्या. छपाईतल्या चुका आपल्याला आपल्या दिसत नाहीत.

तपासणीला वेळ किती लागेल हे आधी काढा. ६० उत्तरपत्रिका, प्रत्येकी १२ मिनिटं, म्हणजे ७२० मिनिटं, म्हणजे १२ तास. हे रोज दोन तास धरून सहा दिवसांचं काम आहे. निकालाच्या आदल्या रात्री करण्यासारखं ते नाही. थकल्यावर गुण देण्याची पट्टी हलते : काही जण सढळ होतात, काही कडक, आणि आपण कुठे हललो हे स्वतःला कळत नाही. काम या क्रमाने करा :

१. आधी सात-आठ उत्तरपत्रिका गुण न देता नुसत्या वाचा. वर्गाचा अंदाज येतो आणि आदर्श उत्तरात न धरलेली, पण बरोबर असलेली उत्तरं दिसतात. फोड आत्ताच दुरुस्त करा, नंतर नाही.

२. नावं झाका. मुखपृष्ठ मागे दुमडलं तरी भागतं.

३. एकाची पूर्ण उत्तरपत्रिका तपासून पुढे जाऊ नका. सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासा, मग गठ्ठा उलटसुलट करून सगळ्यांचा दुसरा. पहिलं उत्तर छान असलं की त्याच मुलाच्या पुढच्या उत्तरांनाही हात सैल सुटतो. माणसाच्या एका वैशिष्ट्याची छाप त्याच्या इतर वैशिष्ट्यांच्या मूल्यमापनावर पडते, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली मांडलं होतं. प्रश्नवार तपासणीने ती छाप बरीच कमी होते. शिवाय एकच उत्तर डोक्यात असल्यामुळे वेगही वाढतो.

४. एका प्रश्नाचा गठ्ठा संपला की पहिल्या पाच पुन्हा पाहा. सुरुवातीची पट्टी आणि शेवटची पट्टी यांत फरक पडलेला असतोच.

५. शेवटची कोरी पानं उलटून पाहा. मुलं मध्ये पानं सोडून मागे लिहितात. बेरीज दोनदा करा, एकदा आतून बाहेर आणि एकदा मुखपृष्ठावरून आत. फेरतपासणीत निघणाऱ्या चुका बहुधा न तपासलेल्या पानाच्या आणि बेरजेच्या असतात, मताच्या फार थोड्या.

असाइनमेंटवर प्रत्येक ओळीखाली लाल शाई ओतण्याची गरज नाही. दोन शेरे पुरेत : एक काय जमलं आणि एक पुढच्या वेळी काय बदलायचं. सगळ्यांच्या सामाईक चुकांची एका पानाची यादी करून वर्गात दहा मिनिटं बोला. असाइनमेंट दोन आठवड्यांच्या आत परत गेली तरच तिचा उपयोग. महिन्याने मिळालेला शेरा कुणी वाचत नाही, फक्त गुण पाहतात.

गुणांबद्दलची तक्रार दारात उभ्याउभ्या ऐकू नका. उत्तरपत्रिका दाखवल्यापासून २४ तासांनंतर, लेखी, कोणत्या प्रश्नात काय सुटलं ते लिहून द्यायचं, आणि तो पूर्ण प्रश्न पुन्हा तपासताना गुण वाढू किंवा कमीही होऊ शकतात, हा नियम आधी जाहीर करा. ‘सर, दोनच गुण वाढवा ना’ हे त्यानंतर पुष्कळ कमी होतं.

पायरी ६ : नक्कल आणि एआय

साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा टक्का हा निकाल नव्हे. ३० टक्के साम्य अवतरणं आणि संदर्भसूची यांचं असू शकतं, आणि ८ टक्क्यांत एक अख्खा परिच्छेद उचललेला असू शकतो. अहवाल उघडून रंगवलेला मजकूर वाचायलाच हवा. एआयने लिहिलंय का हे सांगणारी साधनं त्याहूनही कमी भरवशाची आहेत. प्रामाणिक लेखनालाही ती एआयचं ठरवतात, तेवढ्यावर कुणाला दोषी धरू नका. संशय आला तर विद्यार्थ्याला पाच मिनिटं समोर बसवा आणि साधे प्रश्न विचारा : हीच पद्धत का घेतली, या वाक्याचा अर्थ काय, हा संदर्भ कुठे वाचला? आधीचे कच्चे मसुदे मागा. ज्याने स्वतः लिहिलं तो अडखळत का होईना, सांगतो. संदर्भसूचीतले तीन संदर्भ स्वतः शोधून पाहा. अस्तित्वातच नसलेला संदर्भ हा ठोस पुरावा असतो. प्रकरण पुढे न्यायचं असेल तर संस्थेच्या प्रक्रियेने न्या, वर्गात सगळ्यांसमोर बोलू नका.

पायरी ७ : संशोधनाचे दोन तुकडे आठवड्यात खिळवून टाका

‘वेळ उरला की लिहीन’ असं ठरवणाऱ्याचा शोधनिबंध सत्र संपेपर्यंत तिथेच असतो. आठवड्यात ९० मिनिटांचे दोन तुकडे ठरवा आणि ते तासासारखेच वेळापत्रकात लिहा. शक्यतो दिवसाची पहिली वेळ घ्या. तयारी किंवा तपासणीनंतर डोकं लिहिण्याच्या कामाचं राहत नाही. मेल बंद, फोन दुसऱ्या खोलीत. उठताना पुढचं वाक्य अर्धं लिहून ठेवा आणि त्याखाली उद्या काय करायचं ते नोंदवा, म्हणजे चार दिवसांनी बसल्यावर कुठे होतो हे शोधण्यात वीस मिनिटं जाणार नाहीत. सुट्टीत सगळं लिहून काढू हा भ्रम सोडा. सुट्टीचे पहिले दिवस तपासणीत जातात.

नियतकालिक निवडताना घाई नको. तुमच्या कामाची भरमसाट स्तुती करणारं, चार दिवसांत स्वीकृतीची हमी देणारं आणि शुल्क किती ते शेवटपर्यंत न सांगणारं मेल आलं तर ते कचऱ्यात टाका. संपादक मंडळातल्या दोन-तीन नावांची त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर खात्री करा. तिथलेच अलीकडचे तीन लेख वाचून पाहा, ही सगळ्यांत चांगली कसोटी. प्रकाशननीतीसाठी १९९७ साली सुरू झालेल्या ‘कोप’ या समितीचं सदस्यत्व नियतकालिक सांगत असेल तर ते समितीच्या संकेतस्थळावर पडताळा. नुसत्या बोधचिन्हावर जाऊ नका, ते कुणीही चिकटवतं. एकच लेख एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नका.

सहलेखकांची नावं आणि क्रम काम सुरू होतानाच लिहून ठरवा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे यासाठी चार निकष आहेत आणि चारही पूर्ण व्हावे लागतात : कामात भरीव वाटा, लेखन किंवा महत्त्वाची दुरुस्ती, अंतिम मसुद्याला संमती, आणि कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. इतर शाखांतही हेच मोजमाप वापरायला हरकत नाही. केवळ हुद्द्यामुळे नाव घालण्याचा आग्रह झाला तर हे निकष समोर ठेवणं सगळ्यांत सोपं, कारण मग नकार तुम्ही देत नसता.

परीक्षकांचे कडक शेरे आले की दोन दिवस उत्तर लिहू नका. मग तक्ता करा : शेरा, आपलं उत्तर, मजकुरात कुठे बदल केला. एकही शेरा वगळू नका, पटला नसेल तर का ते लिहा.

पायरी ८ : समित्या, मीटिंगा, कार्यालय

नवा माणूस म्हटला की प्रत्येक समितीत नाव घातलं जातं. लगेच हो म्हणू नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. ‘वेळापत्रक पाहून उद्या सांगतो’ म्हणा आणि तीन गोष्टी विचारा : महिन्याला किती तास लागतात, काम कधी संपतं, आणि याआधी कोण पाहत होतं, त्यांची फाईल कुठे आहे? ज्या कामाला शेवट आहे ते घ्या. ग्रंथालय किंवा अभ्यासक्रमाच्या समितीतून संस्था कशी चालते ते कळतं. स्नेहसंमेलनाच्या समितीत काय होतं ते सांगायला नको. नकार द्यायचाच असेल तर विभागप्रमुखांना सध्याच्या कामांची तासांसह यादी दाखवा आणि ‘मॅडम, यातलं काय कमी करू?’ असं विचारा.

मेल दिवसातून दोनदा पाहा. विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर फक्त तुम्हालाच लिहिता येईल असा ठेवा आणि रात्री उत्तर देऊ नका. एकदा साडेअकराला उत्तर दिलंत की पुढे रोज साडेअकराला प्रश्न येतात.

कार्यालयातले लिपिक, प्रयोगशाळा सहायक आणि ग्रंथपाल यांच्याशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून घ्या आणि कोणता कागद कोणत्या तारखेपर्यंत लागतो हे विचारून लिहून ठेवा. यंत्र कधी दुरुस्तीला जातं, कोणत्या महिन्यात खरेदीचे कागद अडकतात, हे परिपत्रकात नसतं, त्यांना माहीत असतं. नेमणूकपत्र, रुजू अहवाल, रजेचे अर्ज, प्रमाणपत्रं यांची एक कागदी आणि एक स्कॅन केलेली प्रत ठेवा, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या. दर शुक्रवारी दहा मिनिटं त्या आठवड्यात केलेल्या कामांची तारखेसह नोंद करा. वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म भरताना ज्यांच्याकडे ही नोंद नसते, ते दोन दिवस जुनी मेल उपसत बसतात.

पायरी ९ : विद्यार्थी दारात येतो तेव्हा

भेटीच्या ठरलेल्या वेळा आठवड्यात दोन ठेवा, दार उघडं ठेवा. अभ्यासाच्या शंकेपेक्षा वेगळं काही बोलू लागला तर आधी ऐका, मध्येच सल्ला देऊ नका. ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण जिवाला धोका असेल तर सांगावंच लागेल. तुम्ही समुपदेशक नाही. संस्थेचा समुपदेशक कुठे बसतो, कधी असतो हे सत्राच्या सुरुवातीलाच माहीत करून घ्या आणि नुसता नंबर हातात देण्यापेक्षा शक्य असेल तर सोबत जा. जीव देण्याचं बोलणं आलं तर त्याला एकटं सोडू नका, आणि लगेच त्या ठिकाणच्या जबाबदार माणसाला बोलवा.

शिफारसपत्रासाठी तीन आठवडे आधी सांगायचं, सोबत गुणपत्रक, कुठे अर्ज करायचा आहे आणि तुमच्या वर्गात केलेलं एखादं काम द्यायचं, असा नियम ठेवा. चांगलं लिहिण्यासारखं काही नसेल तर सरळ नाही म्हणा. कोमट पत्राने विद्यार्थ्याचं नुकसानच होतं.

पायरी १० : घसा आणि घर

सलग तीन तास असतील त्या दिवशी मधल्या वेळात बोलू नका, पाणी जवळ ठेवा. साठच्या वरच्या वर्गात माइक मागून घ्या, त्यात कमीपणा नाही. गोंगाटावर आवाज चढवण्याऐवजी गप्प उभं राहा. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

घरच्यांना सत्राचं कॅलेंडर दाखवा. पेपर तपासणीचे दोन आठवडे, निकालाचा आठवडा आणि प्रात्यक्षिक परीक्षा यांवर खूण करून द्या. रोज थोडंथोडं चिडचिडं राहण्यापेक्षा ‘या दहा दिवसांत मी घरकामात कमी पडेन, नंतर भरपाई करीन’ हे आधी सांगितलेलं बरं. आणि भरपाई करा. उत्तरपत्रिका घरी नेऊ देत असतील तरी झोपायच्या खोलीत नेऊ नका. आठवड्यातली एक पूर्ण संध्याकाळ आणि एक पूर्ण दिवस कामाशिवाय ठेवा. सुरुवातीला अपराधी वाटतं, कारण काहीतरी बाकी असतंच. ते पुढेही बाकीच असणार आहे. नव्या गावी आला असाल तर विभागाबाहेरची दोन माणसं जोडा. सगळे मित्र सहकारीच असले की जेवतानाही वेळापत्रकच बोललं जातं.

पायरी ११ : सत्र संपल्यावरचे दोन तास

विद्यार्थ्यांचे अभिप्राय निकालाच्या दिवशी वाचू नका, चार दिवस जाऊ द्या. वाचताना एकट्याने लिहिलेलं, फार गोड किंवा फार कडवट, बाजूला ठेवा आणि तिघा-चौघांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलेलं शोधा. ‘फळ्यावरचं मागून दिसत नाही’, ‘शेवटी घाई झाली’ असं काही निघेल. पुढच्या सत्रासाठी त्यातल्या दोनच गोष्टी बदलायच्या ठरवा. सगळं एकदम बदललं तर काय उपयोगी पडलं हे कळत नाही.

मग एका फोल्डरमध्ये आराखडा, तासांची टिपणं चार-चार ओळींसह, पेपर, आदर्श उत्तरं, गुणांची फोड आणि सामाईक चुकांची यादी ठेवा. फाइलच्या नावात वर्ष, सत्र आणि विषय लिहा. ‘फायनल नवीन २’ अशी नावं असलेल्या फाइली सहा महिन्यांनी उघडून पाहिल्याशिवाय ओळखू येत नाहीत. फोल्डरची एक प्रत संस्थेच्या संगणकाबाहेर ठेवा, पण विद्यार्थ्यांची नावं आणि गुण त्या प्रतीत नकोत.